परसातला अँटेना आणि त्याचा वाचक

आमच्या पिढीतील बहुतेकांनी लहानपणी एकदा तरी गच्चीवर किंवा कौलांवर चढून दूरदर्शनचा अँटेना फिरवला असेल. एकाने वर चढावे, दुसऱ्याने दारात उभे राहावे, तिसऱ्याने पडद्यासमोर बसून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडावे, आणि निरोपांच्या या साखळीतून पडद्यावरच्या मुंग्या जाऊन माणसे दिसू लागावीत, हा १९८० च्या दशकातील घराघरांतला अनुभव होता. त्या मुंग्या म्हणजे आमच्या लेखी निव्वळ अडथळा होता. त्यांतल्या काही आकाशातून, थेट आकाशगंगेकडून येत आहेत, हे आम्हांला कोणी सांगितले असते तरी आम्ही ते ऐकून घेतले नसते. आम्हांला छायागीत पाहायचे होते. प्रस्तुत लेख ज्या माणसाविषयी आहे त्याने नेमके उलट केले. त्याने घराशेजारी अँटेना उभारला तो मुंग्या घालवण्यासाठी नव्हे, तर मुंग्याच वाचण्यासाठी.

ग्रोट रेबर हे त्याचे नाव. व्यवसायाने तो रेडिओ अभियंता होता आणि हौसेने ‘हॅम’, म्हणजे हौशी रेडिओचालक. ‘हौशी’ या शब्दापाशी क्षणभर थांबणे भाग आहे. ‘हौस’ मराठीत अरबी-फारसीकडून आली. मूळ ‘हवस’ या शब्दाला हिंदीत वासनेचा दर्प राहिला. मराठीने मात्र त्याला सणासुदीचे कपडे घातले. इंग्रजीतील ‘अमॅच्युअर’ची व्युत्पत्तीही प्रेम करणाऱ्यापाशीच जाऊन पोचते. तरीही विद्यापीठीय व्यवहारात ‘हे काम हौशी आहे’ असे आम्ही म्हणतो तेव्हा त्यात कौतुक थोडे आणि बोळवण अधिक असते. आमच्याच विभागाच्या कपाटात एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी आणून दिलेल्या दोन जाड वह्या कित्येक वर्षे पडून आहेत. आसपासच्या गावांतील शेतीच्या अवजारांचे शब्द त्यांनी त्यांत जमवले आहेत. वह्या आणल्या त्या वर्षी आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिले. वह्या वाचल्या नाहीत. रेबरच्या कथेकडे आम्ही वळलो ते या अवघडलेपणातून, हे आरंभीच सांगितलेले बरे.

कथेची सुरुवात रेबरच्या आधी, कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्यापासून होते. अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओद्वारे दूरध्वनी करताना जी खरखर ऐकू येते तिचा उगम शोधण्याचे काम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने त्याच्याकडे सोपवले होते. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे त्याने सुमारे ३० मीटर लांबीचा अँटेना उभारला आणि तो फोर्डच्या जुन्या मॉडेल टी मोटारीच्या चाकांवर बसवला. हा सांगाडा वीस मिनिटांत एक फेरी पूर्ण करी. जवळच्या वादळांची खरखर आणि दूरच्या वादळांची खरखर वेगळी काढल्यावर एक तिसरा, संथ, अखंड फूत्कार उरला. त्याची तीव्रता दररोज एकदा शिगेला पोचे, पण दर दिवशी सुमारे चार मिनिटे आधी. सूर्याचा दिवस चोवीस तासांचा आणि ताऱ्यांचा २३ तास ५६ मिनिटांचा. या चार मिनिटांच्या फरकावरून जान्स्कीने ओळखले की हा आवाज पृथ्वीवरचा नाही, सूर्याचाही नाही. तो आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेने येत आहे. ५ मे १९३३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

त्यानंतर जवळजवळ काहीच घडले नाही. बेल प्रयोगशाळेला आपल्या दूरध्वनीपुरते उत्तर मिळाले होते. खगोलशास्त्रज्ञ भिंगे आणि आरसे यांत वाढलेले. रेडिओच्या नळ्या आणि तारा हा त्यांना मिस्त्रीकामाचा प्रांत वाटे. रेडिओ अभियंत्यांना आकाश परके होते. म्हणजे पहिल्या पानावर छापून आलेल्या शोधाला बातमीचे वाचक लाखो मिळाले, पण तो पुढे नेणारा वाचक मिळाला नाही. जान्स्की पुढे दुसऱ्या कामांत गुंतला आणि १९५० मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी वारला.

पुढे नेणारा वाचक एकच निघाला, आणि तो वेधशाळेतला नव्हता. रेबरचा जन्म १९११ चा, शिकागोतला. शिकागोच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या व्हीटन या उपनगरात तो वाढला. त्याची आई तेथे शाळेत शिक्षिका होती. विश्व प्रसरण पावत असल्याचा पुरावा देणारा एडविन हबल हा तिचा एकेकाळचा विद्यार्थी. रेबरने किशोरवयातच हौशी रेडिओचा परवाना मिळवला. त्याचे संकेतनाम होते डब्ल्यू ९ जी एफ झेड. हौशी रेडिओचालकाचा आनंद दूरच्याशी बोलण्यात असतो. अंगणात दोन खांब रोवावेत, तरंगलांबीच्या हिशेबाने मोजून तार ताणावी, आणि आपल्या दिव्यापुरत्या विजेवर दुसऱ्या खंडातील अनोळखी माणसाशी संकेतांची देवाणघेवाण करावी. साठाहून अधिक देशांशी असा संपर्क साधून झाल्यावर या खेळात जिंकण्यासारखे आता काही उरले नाही, असे रेबरला वाटू लागले. १९३३ मध्ये तो अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. जान्स्कीचे निबंध त्याने वाचले आणि त्याच्यासोबत काम करण्यासाठी बेल प्रयोगशाळेकडे अर्जही केला. मंदीच्या त्या काळात जागा नव्हती. तेव्हा त्याने ठरवले की हे काम आपण घरीच करू.

१९३७ च्या उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्याने आईच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत ३१ फुटांहून अधिक व्यासाची तबकडी उभारली. सांगाडा लाकडाचा, त्याच्या आतून जस्तलेपित लोखंडी पत्रे ठोकलेले. खर्च सुमारे १३०० डॉलर, सर्व पदरचा. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. येथे ते अगदी रोखीत मोजता येते.

या अँटेनाच्या रचनेत जो विचार आहे तो सामान्य वाचकालाही समजावा इतका स्वच्छ आहे. ताणलेली तार विशिष्ट तरंगलांबीलाच चांगली जुळते. लांबी बदलायची तर सारी तार बदलावी लागते. अन्वस्त आकाराची तबकडी मात्र कोणत्याही लांबीचे तरंग एका नाभीवर गोळा करते. नाभीपाशी बसवलेला छोटा ग्राहक तेवढा बदलला की काम भागते. रेबरला कोणत्या लांबीवर काय ऐकू येईल हे ठाऊक नव्हते, म्हणून त्याने प्रश्न बदलला तरी बदलावे लागणार नाही असे साधन निवडले. दुसरा विचार काटकसरीचा. तबकडी चहूकडे फिरवण्याची यंत्रणा त्याला परवडणारी नव्हती. म्हणून ती त्याने फक्त उत्तर-दक्षिण कलेल अशी, याम्योत्तर वृत्तावर बसवली. तिच्या हालचालीसाठीही मॉडेल टी गाडीचेच सुटे भाग वापरले. पूर्व-पश्चिम फिरवण्याचे काम त्याने पृथ्वीवर सोपवले. ती दररोज फुकटात फिरतच होती.

गावाने या वस्तूचे काय केले, हेही इतिहासाचाच भाग मानले पाहिजे. पाऊस आला की तबकडीत साचलेले पाणी मधल्या भोकातून धो धो खाली पडे. त्यावरून हे यंत्र पाणी साठवण्याचे किंवा हवामान ताब्यात ठेवण्याचे असावे असा तर्क लोकांनी लढवला. सकाळ-संध्याकाळ उन्हाने पत्रे तापले-निवले की कडाड् आवाज होत. छोटी विमाने वाट वाकडी करून वरून चक्कर मारून जात. पोरे सांगाड्यावर चढत आणि आई कधी त्यावर कपडे वाळत घाली. आम्हांला यात विनोदापेक्षा काही अधिक दिसते. जेथे जगातील अशा प्रकारचे एकमेव उपकरण होते तेथेच धुणेही वाळत होते. ज्ञानासाठी वेगळी, सोवळी जागा लागतेच असे नाही.

पण जागेने ज्ञान सोपेही होत नाही. रेबरने पहिली दोन वर्षे अपयशात काढली. तापलेल्या वस्तूचा किरणोत्सर्ग तरंगलांबी जितकी कमी तितका अधिक, या तत्कालीन सिद्धान्तावर विसंबून त्याने आधी ३३०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ९ सेंटिमीटर लांबीवर, आकाश ऐकले. काही मिळाले नाही. मग ९१० मेगाहर्ट्झवर ऐकले. तेथेही शांतता. तिसऱ्या खेपेस तो १६० मेगाहर्ट्झवर, सुमारे १.८७ मीटर लांबीवर आला, आणि १९३९ मध्ये त्याला आकाशगंगा ऐकू आली. हे यश जितके महत्त्वाचे तितकीच आधीची दोन अपयशेही महत्त्वाची होती. कमी लांबीवर आवाज क्षीण आणि अधिक लांबीवर प्रबळ, याचाच अर्थ असा की हा आवाज तापलेल्या वस्तूच्या साध्या नियमाने निर्माण होत नव्हता. त्याचे उत्तर मिळायला १९५० चे दशक उजाडावे लागले: चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या वेगाजवळ घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन त्यास कारण होते. ज्याला आपण वाया गेलेली वर्षे म्हणतो ती कित्येकदा उत्तराचा अर्धा भाग असतात.

त्याची दिनचर्या अशी. दिवसा शिकागोतील रेडिओ कंपनीत नोकरी. संध्याकाळी परत येऊन जेवण आणि थोडी झोप. मध्यरात्री उठून पहाटेपर्यंत वेध. रात्रच का, तर दिवसा रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या ठिणग्यांची खरखर आकाशाच्या आवाजाला झाकून टाकी. आरंभी यंत्रावरचा काटा तो दर मिनिटाला डोळ्यांनी वाचून कागदावर उतरवी. ‘हौशी’ या शब्दाशी आपण जो सैलपणा जोडतो त्याचा येथे मागमूस नाही.

आता या कथेतील आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग. रेबरने आपला निबंध ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ या खगोलशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकाकडे पाठवला. त्याचे संपादक होते यर्क्स वेधशाळेचे ओटो स्ट्रूव्ह. लेखक कोणत्याही विद्यापीठाचा नाही, वेधशाळेचा नाही. त्याचे उपकरण परसात. खगोलशास्त्रज्ञांना रेडिओ कळत नव्हता आणि हे खरे की खोटे ते सांगणार कोण, असा पेच होता. या पेचाविषयी पुढे आख्यायिका तयार झाल्या. त्यांत आम्ही पडत नाही. दोन गोष्टी निश्चित आहेत. यर्क्सचे खगोलशास्त्रज्ञ व्हीटनला जाऊन ती तबकडी प्रत्यक्ष पाहून आले. आणि जून १९४० मध्ये रेबरचा चार पानांचा छोटा निबंध छापला गेला तेव्हा त्याच अंकात, त्याला लागूनच, हेन्ये आणि कीनन या यर्क्सच्या दोघांचा निबंध होता. रेबरला जे ऐकू आले त्याचा अर्थ लावण्याचा तो प्रयत्न होता. जान्स्कीची मोजमापे त्यांच्या स्पष्टीकरणात बसली नाहीत, म्हणजे उत्तर अपुरेच होते. तरी त्यांनी जे केले ते ‘वाचणे’ या शब्दाच्या पूर्ण अर्थाने वाचणे होते: जागेवर जाणे, साधन तपासणे, आणि मग आपल्या विद्येच्या बळावर पुढचे वाक्य लिहिणे.

दुसरा वाचक युद्धाने वेढलेल्या युरोपात होता. नेदरलँड्सवर जर्मनांचा ताबा असताना लायडेनच्या यान ओर्ट यांच्या हाती रेबरचा निबंध आला. आकाशगंगेचा मध्य धुळीच्या पडद्याआड आहे आणि दृश्य प्रकाश तो भेदू शकत नाही, याने ते दीर्घकाळ अडले होते. रेडिओ तरंगांना धूळ अडवत नाही. या तरंगांत एखादी ठरावीक लांबीची रेषा सापडली तर वायूची गतीही मोजता येईल, हे ओर्टनी ओळखले आणि व्हान डी हुल्स्ट या आपल्या विद्यार्थ्याला त्या शोधास लावले. १९४४ मध्ये त्याने भाकीत केले की उदासीन हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीवर बोलेल. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल यांनी ती रेषा टिपली. चार पानांच्या निबंधाला असा वाचक लाभणे दुर्मीळ.

इकडे डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि हौशी रेडिओचालकांचे प्रक्षेपण बंद करण्यात आले. देशभरातले खांब आणि तारा मुक्या झाल्या. रेबरची तबकडी मात्र बोलत नव्हती, फक्त ऐकत होती; तिचे काम चालू राहिले. १९४४ मध्ये त्याने रेडिओ तरंगांतील आकाशाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात धनू राशीकडे मोठा उंचवटा आहे. हंस आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांकडे आणखी दोन. त्याच्या अँटेनाची नजर सुमारे १२ अंश रुंद, म्हणजे चोवीस पूर्णचंद्र ओळीने मांडावेत इतकी भरड. एवढ्या भरड नजरेने काढलेला हा नकाशा पुढच्या पिढीने सूक्ष्म केला, खोडला नाही. १९३७ पासून पुढे जवळजवळ दशकभर, युद्धकाळातले योगायोगाचे शोध वगळता, जाणीवपूर्वक रेडिओ खगोलशास्त्र करणारा तो जगातील एकमेव माणूस होता.

युद्धानंतर हे शास्त्र मोठ्या संस्थांत गेले, आणि पुढे महाराष्ट्रातही आले. येथे आले ते मात्र बऱ्याच अंशी रेबरच्याच वाटेने. गोविंद स्वरूप हे १९५० च्या दशकात सिडनीजवळील पॉट्स हिल येथे काम करत होते. तेथील सहा फुटी तबकड्या निरुपयोगी ठरून काढून टाकायच्या होत्या, तेव्हा त्या भारताला मिळाव्यात यासाठी त्यांनी खटपट केली. अशा ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियाने भेट दिल्या आणि १९६५ मध्ये त्या मुंबईजवळ कल्याण येथे, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन ओळींत उभ्या राहिल्या. त्यांनी सूर्याचे वेध घेतले. कल्याणहून लोकल पकडणाऱ्या आजच्या कित्येकांना आपल्या उपनगराचा हा इतिहास ठाऊक नसेल.

स्वरूप यांच्याच कल्पनेतून पुढे नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही दुर्बीण उभी राहिली: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, ताणलेल्या तारेच्या जाळीचा आहे. जाळीची भोके तरंगलांबीच्या मानाने बारीक असली तर तरंगाला ती भोके जाणवतच नाहीत. शिवाय वारा आरपार जातो, वजन घटते, पैसा वाचतो. फुकट फिरणाऱ्या पृथ्वीला कामाला लावणाऱ्या रेबरची आठवण येथे व्हावी. जीएमआरटीच्या मूळ उद्दिष्टांत एक होते त्याच हायड्रोजनचा अतिदूरचा, म्हणून लांबलेला सूर पकडणे. तिचा एक पट्टा दोन मीटर लांबीच्या आसपास, रेबरच्या १.८७ मीटरच्या शेजारीच आहे. आजही तेथे गेल्यावर मोबाईल बंद ठेवावे लागतात. व्हीटनच्या मोटारींची जागा आता आपल्या खिशातल्या यंत्रांनी घेतली आहे.

रेबरचे पुढे काय झाले हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५४ मध्ये तो टास्मानियात गेला. तेथील बॉथवेल गावाजवळ मेंढ्या चरणाऱ्या माळावर त्याने तारांचे विस्तीर्ण जाळे ताणून अतिदीर्घ तरंगांचे वेध घेतले. १९६२ मध्ये त्याला खगोलशास्त्रातील मानाचे ब्रूस पदक मिळाले. शेंगांचे वेल उलट दिशेने गुंडाळले तर काय होते, यावरही त्याने प्रयोग करून निबंध लिहिला. महास्फोटाचा सिद्धान्त मात्र त्याने कधीच मानला नाही. विश्व अनादि, अनंत आणि स्थिर आहे या मतावर तो अखेरपर्यंत, २००२ पर्यंत, ठाम राहिला. पुरावे विरुद्ध गेले तरीही. ज्या स्वतंत्र वृत्तीने त्याला १९३७ मध्ये सिद्धान्तापेक्षा स्वतःच्या यंत्रावर विश्वास ठेवायला शिकवले, तिनेच नंतर त्याला इतरांच्या यंत्रांवर विश्वास ठेवू दिला नाही. म्हणून हौशी माणूस नेहमी बरोबर असतो आणि संस्था नेहमी आंधळ्या असतात, असा सोयीचा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. १९३७ चा रेबर आणि १९७७ चा रेबर एकाच मातीचे होते. पहिला बरोबर आणि दुसरा चूक, हे ज्यांनी तपासून पाहिले त्यांनी ठरवले. पाठ थोपटणाऱ्यांनी नव्हे.

व्हीटनची ती तबकडी आज वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक वेधशाळेत उभी आहे. रेबरच्याच देखरेखीखाली ती तेथे पुन्हा जोडली गेली आणि १९८९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. रेबरच्या रक्षेचे अंश जगभरातील अनेक रेडिओ वेधशाळांत ठेवण्यात आले आहेत. हे सन्मान योग्यच आहेत. पण स्मारक आणि शाल यांत फरक आकाराचा आहे. दोन्ही वाचनाच्या नंतर आल्या तरच त्यांना अर्थ असतो.

मराठीच्या आमच्या विभागांकडे वह्या येत राहतात. कोणी ओव्या जमवलेल्या असतात, कोणी गावची बोली, कोणी शिलालेखांचे ठसे. त्यांतील पुष्कळ सामग्री पूर्वीच छापलेली असेल, काही साफ चुकीची असेल. हे ठरवण्याचे शिक्षण आम्हांला मिळाले आहे, आणि त्याचे वेतनही. हा लेख लिहिताना आम्ही कपाटातील त्या दोन वह्या बाहेर काढल्या. पहिल्या वहीत तिफणीच्या भागांची नावे आहेत. त्यांतल्या दोन शब्दांचे अर्थ आम्हांला शंकास्पद वाटतात, आणि तीन शब्द आम्ही पाहिलेल्या कोशांत सापडले नाहीत. शंका पत्राने फिटण्यासारख्या नाहीत. तिफण समोर ठेवून विचारायला गुरुजींच्या गावी जावे लागेल.